लायसन नाही, म्हणून तक्रारही नाही

प्रश्न : काका, मी लग्नांचं शूटिंग करतो. नवरा-नवरीला कॉलर माइक लावतो, रिसीव्हर माझ्या कॅमेऱ्यावर. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये आवाज खणखणीत. अक्षता पडायला लागल्या की तुटतो. दुकानदार पीस बदलून देतो म्हणतोय. घेऊ का?
– एक व्हिडिओग्राफर, जुळे सोलापूर

उत्तर : बदलून काही होणार नाही, नवा पीसही त्याच हवेत बोलणार. खोक्यावर बघा, २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असेल. तुमचा माइक आणि रिसीव्हर थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये टॉवर नाही, सिम नाही. आमच्या लहानपणी नुसता रेडिओ ऐकायला पोस्टात लायसनचे पैसे भरावे लागत. आता २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५पासून भारतात विनापरवाना खुला आहे, आणि खुला म्हटल्यावर सगळेच आले. हॉलचं वायफाय, पाहुण्यांची घड्याळं, कानातले इअरबड, भटारखान्यात मायक्रोवेव्ह असेल तर तोही. जागा जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ. वायफायचे चॅनेल म्हणायला १३, पण प्रत्येकाला २० मेगाहर्ट्झ लागतात आणि दोन चॅनेलांत अंतर पाचाचं. एकमेकांना न घासणारे तीनच धरा: १, ६, ११.

तरीही बहुतेक वेळा सगळं चालतं, कारण वायफाय आधी ऐकतं, मग बोलतं. हवा मोकळी दिसली तरी लगेच तोंड उघडत नाही. शून्य ते पंधरामधला एक आकडा मनाशी धरतं आणि नऊ-नऊ मायक्रोसेकंदांचे तितके टप्पे मोजतं. टक्कर झालीच तर ही मर्यादा दुप्पट, पुन्हा झाली तर आणखी दुप्पट, पार १०२३पर्यंत. टीव्हीवरच्या चर्चेला हा नियम लावायला हवा होता.

ब्लूटूथची रीत वेगळी. ते ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गर्दीचे चॅनेल वगळून टाकतं. उड्या मारायची कल्पना जुनी आहे. हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांनी १९४२ साली टॉर्पेडोसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. ब्लूटूथ तिनेच शोधलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते मात्र खरं नाही.

आता तुमच्या माइकचं दुखणं. वायफायला दुसऱ्या वायफायची कुजबुजही कळते. पण परक्या जातकुळीचा सिग्नल साधारण शंभरपट जोरदार असेल तरच ते थांबतं. तुमचा माइक परका आणि अशक्त, म्हणून तो बोलत असताना राउटर खुशाल मध्ये बोलतो. फाइल असती तर पुन्हा पाठवता आली असती; ‘शुभमंगल सावधान’ पुन्हा कोण म्हणणार? त्यात अक्षतांच्या वेळी सगळी मंडळी स्टेजला भिडतात. माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषतं, आणि तुमचा रिसीव्हर नेमका त्या गर्दीच्या मागे.

तेव्हा रिसीव्हर डोक्यांच्या वर, स्टँडवर बांधा. माइक शालूच्या घडीत दडवू नका. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बंद ठेवा. हा मुद्दा सगळेच विसरतात. हॉलवाल्याला राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्यायला सांगा. माइकमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू ठेवल्याशिवाय मुहूर्ताला उभं राहू नका.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. शेजारच्या कारखान्याने नवं वायफाय बसवल्यापासून गोदामातले बारकोड स्कॅनर अडकतात. तक्रार कुठे करायची?
– अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : कुठेच नाही. विनापरवाना पट्टा वापरायची अटच ती आहे: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि झाला तर संरक्षण मागायचं नाही. शेजाऱ्याचं यंत्र मान्यता नसलेलं किंवा मर्यादेबाहेर जोर लावणारं असेल तरच सरकारी दार उघडं. जॅमरचा विचार मनात आला असेल तर काढून टाका, तो गुन्हा आहे.

मला मात्र शेजाऱ्यापेक्षा तुमच्या लोखंडी रॅकचा संशय जास्त आहे. गोदामाच्या दोन टोकांचे स्कॅनर रॅकमुळे एकमेकांना ऐकू येत नाहीत, राउटरला दोन्ही येतात. दोघांनाही हवा मोकळी वाटते आणि दोघं एकदम बोलतात. राउटर मध्यभागी, उंचावर घ्या. सेटिंगमध्ये ‘आरटीएस’ असेल तर चालू करा. मग स्कॅनर आधी परवानगी मागतो, राउटर हो म्हणतो, आणि तो होकार ऐकून बाकीचे गप्प राहतात. चहाला बोलावून शेजाऱ्याशी चॅनेल वाटून घ्या: एकाने १, दुसऱ्याने ११.

स्कॅनर ५ गिगाहर्ट्झ धरत असतील तर तिकडेच जा. २०१८मध्ये तिथे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. फक्त चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढचे घ्या. मधल्या चॅनेलांच्या शेजारात रडार असतात आणि चाहूल लागली की राउटर जागा सोडतो. आपल्या सोलापुरात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने लावलेलं सी-बँड, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं, रडार त्याच जातीचं.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आमच्या स्वयंसेवकांना वॉकी-टॉकी द्यायचे आहेत. ऑनलाइन स्वस्त मिळतात. चालतील?
– एक मंडळ, बाळीवेस

उत्तर : स्वस्त आहे म्हणून नको. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी शक्तीच्या सेटना परवाना लागत नाही, पण सेटला सरकारी मान्यता हवी. विक्रेत्याकडे मान्यतेचा कागद मागा. तो टाळाटाळ करू लागला तर सेट परत ठेवा.