खिडकीपलीकडून: वर्गात जायचं सोडलं म्हणजे नाव कटत नाही

(कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या 'प्रवेश व नोंदी' कार्यालयात एकोणीस वर्षं खिडकीवर बसलेल्या आमच्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्याची, बी.कॉम. लग्नानंतर चौदा महिन्यांपूर्वी फ्रीमाँटला आले. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. अकाउंटिंगचा ४ युनिटचा (युनिट म्हणजे वर्ग मोजायचं माप) एक वर्ग घ्यायचाय. सगळे सांगतात की युनिटला ४६ डॉलर फी असते, पण माझ्या खात्यावर त्याच्या कितीतरी पट रक्कम दिसतेय. एक ओळखीचे म्हणाले, आधी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून घे. आणि डी अँझा कॉलेजला जाणारी मैत्रीण तर युनिटला ३१ डॉलरच भरते! नेमकं काय करू?

उत्तर : सर्वात आधी त्या ओळखीच्यांना चहा पाजा आणि विषय बदला. एच-४वर शिकायला एफ-१ लागत नाही, अर्धवेळ शिका नाहीतर पूर्णवेळ. उलट एफ-१ घेतलात तर 'रहिवासी' ठरायची वाटच बंद होईल आणि ती जास्तीची रक्कम दर सत्राला मानगुटीवर बसेल. (नोकरीची परवानगी हा वेगळा विषय आहे, त्याची यात गल्लत नको.)

४६ डॉलर हा दर २०१२ पासून कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी आहे. तुमचे ४ युनिट म्हणजे १८४ डॉलर. बाहेरच्यांना यावर आणखी शुल्क पडतं आणि ते कॉलेजांच्या डिस्ट्रिक्टगणिक बदलतं. मैत्रिणीचं म्हणाल, तर डी अँझात सेमिस्टर (लांब सत्र) नाही, क्वार्टर (छोटं सत्र) असतं. तिथलं युनिट छोटं, साधारण दोन तृतीयांश, म्हणून ३१. तिला काही स्वस्त पडत नाहीये.

आता खरी अडचण. रहिवासी ठरायला सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इथे राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो. ते तुमचं झालंय. पण नुसतं राहून भागत नाही, इथेच राहायचा इरादा होता हे कागदावर दाखवावं लागतं, आणि तोही वर्षभराचा. आणि आपल्या बायकांची गाडी इथेच अडते. घराचा करारनामा नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर. माझ्या खिडकीवर एक मुलगी आली होती, हातात जाडजूड फाइल, कागद असे लावलेले की बँकेत ऑडिटला ठेवावेत. चाळीसेक पानं उलटली, तिचं नाव फक्त पासपोर्टवर आणि लग्नाच्या दाखल्यावर सापडलं.

तुम्ही तुमचं लायसन्स किंवा डीएमव्हीचं (म्हणजे इथल्या आरटीओचं) राज्य ओळखपत्र काढा. ते पहिल्या दोन महिन्यांतच काढलं असेल तर सोन्याहून पिवळं. बँकेत संयुक्त खातं असेल तर त्याची जुनी स्टेटमेंट्स काढून ठेवा. नवऱ्याबरोबर एकत्र भरलेलं राज्याचं कर विवरणपत्र असेल तर तेही जोडा. घरमालकाला सांगून करारात नाव घालून घ्या. आज घातलेल्या नावाने मागचं वर्ष भरून निघणार नाही, पण पुढच्या सत्राला ते कामाला येईल. मग कॉलेजकडे 'रेसिडेन्सी'च्या फेरविचाराचा अर्ज मागा, तोही सत्र सुरू व्हायच्या आधी. कुठले कागद चालतात याची प्रत्येक कॉलेजची यादी असते, ती हातात घेऊनच घरातले खण उपसा.

बी.कॉम.च्या मार्कशीटांचं मूल्यांकन आत्ताच पैसे घालून करू नका. एक-दोन वर्ग करायचेत, पदवी नकोय, तर ते कोणी मागणार नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत. उन्हाळ्यात त्याने कॉलेजचा सहा आठवड्यांचा सायकॉलॉजीचा वर्ग घेतला. दोन आठवडे गेला, मग कंटाळला. शाळेतल्या मुलांना फी माफ असते, आम्ही एक पैसा भरला नव्हता. त्यामुळे नाव आपोआप निघालं असेल असं वाटलं. आता ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) 'एफ', म्हणजे नापास, आलाय! कॉलेजला फोन केला तर माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. मी आई आहे हो त्याची! – एक आई, डब्लिन

उत्तर : माझीही एक 'एफ' आहे, आधी ती सांगते. २००१ साली युनिट ११ डॉलरला होतं. मी ३३ डॉलर भरून कॉम्प्युटरचा वर्ग घेतला. चौथ्या आठवड्यात मुलीला गोवर आला, जायचं थांबले. आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरला नाही की विषय संपला, तोच हिशोब मनात. ३३ डॉलर गेले, गेले. काही वर्षांनी नोकरीच्या अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट मागवलं, तर ती 'एफ' तिथे जशीच्या तशी बसलेली. ज्या बाईंकडे नोकरी मागायला गेले होते, त्यांनीच ती मला बोटाने दाखवली.

म्हणून सांगते, वर्गाला न जाणं आणि नाव काढणं या दोन वेगळ्या गोष्टी. जी मुलं सुरुवातीलाच उगवत नाहीत, त्यांची नावं शिक्षक काढतात. तुमचा मुलगा दोन आठवडे गेला, म्हणजे ती वेळ टळून गेली होती. त्यानंतर नाव काढायचं ते ज्याचं त्याने, संगणकावर बटण दाबून. पूर्ण सत्राच्या वर्गाला दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत नाव काढलं तर फी परत मिळते आणि जवळपास ७५ टक्के सत्र होईपर्यंत 'डब्ल्यू' (वर्ग सोडल्याची नोंद) घेता येतो, त्याचा सरासरीवर परिणाम होत नाही. उन्हाळी वर्गात हेच सगळं आखडतं. सहा आठवड्यांत परताव्याची मुदत जेमतेम चार दिवस. पण 'डब्ल्यू'ला त्याच्याकडे साडेचार आठवडे होते. बाहेर पडला तेव्हा एक बटण दाबलं असतं तरी पुरलं असतं.

फोनचं म्हणाल, तर खिडकीपलीकडच्या त्या बाईवर रागावू नका, मी अशी बोलणी पुष्कळ खाल्लीत. १९७४ चा फेर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्याच्या नोंदींचा हक्क त्याचा, वय सोळा असलं तरी. आईला काही सांगायचं तर त्याची लेखी परवानगी लागते. फोन त्यालाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा, हवं तर कोपराने ढोसा, पण बोलणार तो.

आता काय उरतं? आजारपण, अपघात असं काही असतं तर कागद जोडून अर्ज करता आला असता. कंटाळ्याला तो मार्ग नाही, आणि खोटं सर्टिफिकेट मिळवून देणारा डॉक्टर शोधू नका, हेही सांगून ठेवते. तोच वर्ग त्याच कॉलेजात पुन्हा घेऊ द्या. नवीन ग्रेड सरासरीत जुनीची जागा घेते, 'एफ' मात्र ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहते. आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) अर्जात कॉलेजचे झाडून सगळे वर्ग लिहावे लागतात, ही 'एफ' धरून. लपवली आणि नंतर उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. माझ्या मते पुढच्या उन्हाळ्यात नको, येत्या सत्रातच घ्या. सोळा आठवड्यांत श्वास घ्यायला जागा असते.

प्रश्न : सासूबाई ६६ वर्षांच्या, ग्रीन कार्डवर. इंग्रजी शिकायचंय म्हणतात. फी किती पडेल? – एक सून, सनीव्हेल

उत्तर : काही नाही. 'नॉनक्रेडिट' (युनिट न मिळणारे) ईएसएल, म्हणजे परभाषकांसाठीच्या इंग्रजीचे, वर्ग शोधा, त्याला शिकवणीची फी नसते आणि नापास व्हायची भीतीही नसते. सकाळचा वर्ग बघा, त्यात त्यांच्या वयाच्या मैत्रिणी भेटतील. नाव त्यांचं त्यांनाच नोंदवू द्या, वेळ लागला तरी. आणि पहिल्या दिवशी बरोबर स्वेटर द्या. त्या वर्गांतला एसी भर जूनमध्येही महाबळेश्वर करतो.