बेवारस म्हाताऱ्या कुत्र्यांची संस्था काढायची आहे. अध्यक्ष कोणाला करावे आणि पदाधिकाऱ्यांना नेमके काय करावे लागते?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिले आहे की तुम्ही चार मित्र तालुक्याच्या गावी टाकून दिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी संस्था काढण्याच्या विचारात आहात, नाल्याकाठची अर्धा एकर जागा मिळाली आहे, आणि आता अध्यक्ष कोणी व्हावे व कामाची वाटणी कशी करावी यावर गाडे अडले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अशाच एका लहान संस्थेचा सचिव आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर या कामात आलो आणि आता सातवे वर्ष चालू आहे. आमच्यापैकी कोणीही मानधन घेत नाही.

अध्यक्षपदाचे आधी सांगतो, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. तुमच्या चौघांत ज्याचा कुत्र्यांवर सर्वांत जास्त जीव आहे, त्याला अध्यक्ष करू नका. आमचा पहिला अध्यक्ष मालवाहू ऑटो चालवणारा तरुण होता. रस्त्यात पडलेले जनावर पाहून त्याचा पाय पुढे निघत नसे, आणि संस्था उभी राहिली ती त्याच्यामुळेच, हे मी कधीही नाकारणार नाही. पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. बारा कुत्र्यांसाठी बांधलेल्या टिनाच्या शेडमध्ये वर्षभरात एकतीस कुत्री झाली. त्यातली निम्मी तरणी होती, त्यामुळे जेवणाच्या वेळी ती पुढे घुसत आणि ज्यांच्यासाठी शेड बांधले ती दात पडलेली, कंबर गेलेली जनावरे भिंतीशी उभी राहून बघत. खरूज एकाला झाली ती सगळ्यांत फिरली. उन्हाळा संपेपर्यंत आम्ही कोणालाच नीट सांभाळत नव्हतो, तरीही गावात आमचे कौतुक चालू होते. शेवटी सभेत विषय निघाला तेव्हा तो रडला आणि त्याने राजीनामा दिला. आजही जखमी कुत्रे आणायचे असेल तर त्याचाच ऑटो येतो, आणि त्याच्यासारखे हलक्या हाताने उचलणारा आमच्यात दुसरा कोणी नाही; फक्त कोणते आणायचे हे आता तो ठरवत नाही.

सध्याच्या अध्यक्ष निवृत्त आरोग्यसेविका आहेत. अख्खे गाव त्यांना सिस्टर म्हणते. कुत्र्यांचे त्यांना विशेष वेड नाही, हे त्या स्वतःच सांगतात. मात्र तीस वर्षे लसीकरणाची रजिस्टरे सांभाळल्याने कागदावर नसलेली गोष्ट झालीच नाही असे मानण्याची त्यांना सवय आहे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला न दुखावता परत पाठवण्याची कलाही त्यांच्याकडे आहे. शेडची मर्यादा त्यांनी चौदावर बांधली. पंधरावे कुत्रे आले तर जागा नाही, पण ते जिथे आहे तिथे त्याला गोणपाटाची गादी, गोळ्या, लस आणि लागल्यास डॉक्टर पोहोचवायचे, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे आमचे निम्म्याहून अधिक काम शेडबाहेर चालते: कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी, बसस्थानकावरच्या चहाच्या टपरीखाली, शाळेच्या पडवीत.

म्हातारे कोणाला म्हणायचे, हा प्रश्न तुमच्यापुढेही येईल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे शेरी फ्रँकलिन यांनी २००७ साली सुरू केलेली ‘मटविल’ ही संस्था सात वर्षे आणि त्यापुढची कुत्री घेते आणि त्यांना घरे मिळवून देते. आपल्याकडे ही मोजपट्टी चालत नाही, कारण गावातल्या कुत्र्याची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते. दात हाडे चघळून लवकर झिजतात आणि तोंडावरचे पांढरे केस काहींना तरुणपणीच येतात. सिस्टरांनी म्हणून तीन प्रश्न ठरवले. कुत्रे स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जाते का? अन्नावर दुसरी कुत्री आली तर टिकते का? आणि त्या भागात त्याला नावाने हाक मारणारे कोणी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ आली तरच शेडचा विचार होतो, आणि तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले तर तेव्हाही आधी हाक मारणाऱ्या माणसाशी बोलणे होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही नसबंदी आणि लस झालेल्या कुत्र्याला त्याच्याच जागी परत सोडण्याचे तत्त्व धरलेले आहे. ओळखीच्या कोपऱ्यातून म्हातारे जनावर उचलणे ही प्रत्येक वेळी सेवा असतेच असे नाही. कित्येकदा आपल्यालाच बरे वाटावे म्हणून ते केले जाते.

दुसरी चूक माझी. संस्थेची पाटी मी हौसेने फाट्यावर लावून घेतली. पहिल्याच महिन्यात नऊ कुत्री त्या पाटीच्या खांबाला बांधलेली सापडली, त्यांतली दोन रात्री कोणत्या तरी वाहनाखाली गेली. पाटी काढली, आणि या उत्तरातही संस्थेचे नाव लिहीत नाही ते याच कारणाने. समृद्धी महामार्ग झाल्यापासून शहरातली जातिवंत कुत्रीही इकडे येऊन पडू लागली आहेत. गेल्या वर्षी एक गृहस्थ कारमधून अकरा वर्षांचा लॅब्राडोर घेऊन आले; बदली झाल्याचे सांगत होते. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि रजिस्टर पुढे ठेवले. कुत्र्याचे नाव, तो काय खातो, कोणत्या आवाजाला घाबरतो, लस कधी झाली, इथपर्यंत त्यांनी भराभर लिहिले. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्याशी त्यांचे पेन बराच वेळ थांबले. मग त्यांनी रजिस्टर मिटले, कुत्र्याला गाडीत चढवले आणि निघून गेले. पुढे त्या कुत्र्याचे काय झाले ते आम्हाला कळले नाही. पुलाखाली नेऊन सोडले असेल, अशी शंका मला अजून येते. सिस्टर म्हणतात, गुरुजी, आपण आपल्या दारापुरते बघावे.

सचिवाचे काम कंटाळवाणे असते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात, म्हणजे तुम्हा चौघांना आणखी तीन विश्वासाची माणसे शोधावी लागतील. त्यानंतर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि प्रत्येक सभेचे प्रोसिडिंग हे आलेच. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आमच्या पहिल्या अध्यक्षाने राजीनामा दिला तेव्हा मी तो वेळेत दिला नाही आणि बँकेच्या खात्यावरची सही बदलता बदलता पाच महिने गेले. त्या काळात तांदळाची कनकी आणि औषधे उधारीवर आली, आणि ती उधारी दुकानदारांनी मला ओळखत असल्यामुळे मिळाली, संस्थेला नव्हे. रोख देणगी पावतीशिवाय घेऊ नका, मग ती दहा रुपयांची का असेना. खेड्यात हिशेबावरून एकदा बोट उठले की ते खाली येत नाही.

औषधांच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. हा नियम आमच्याकडे का आला, तेही सांगतो. मागच्या पायांनी लंगडणाऱ्या एका म्हाताऱ्या कुत्र्याला मी दयेपोटी माझ्या पाठदुखीची आयब्युप्रोफेनची गोळी भाकरीत घालून दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी त्याला काळी शी झाली, मग रक्ताची उलटी, आणि चौथ्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी नंतर समजावले की माणसाची ही औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत, आणि म्हातारपणी तर मूत्रपिंड आधीच थकलेले असते. त्या कुत्र्याच्या पानावर मृत्यूचे कारण मी माझ्याच अक्षरात लिहिले आहे, आणि नवीन स्वयंसेवक आला की सिस्टर त्याला ते पान वाचायला देतात.

दुसरा नियम पिसाळण्याचा. पिसाळलेले कुत्रे अंगावर धावून येतेच असे नाही. लकव्याच्या प्रकारात त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले आहे. दयाळू माणूस नेमका तिथेच तोंडात हात घालतो. आमच्याकडे डॉक्टर येईपर्यंत कोणत्याही कुत्र्याच्या तोंडात हात घालण्यास बंदी आहे, नवे कुत्रे दहा दिवस वेगळ्या खोलीत राहते, आणि हाताळणी करणाऱ्या प्रत्येकाने आधीच प्रतिबंधक लसीचे तीन डोस, म्हणजे पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, घेतलेले असतात. त्यानंतरही चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठायचाच. डोस झालेत म्हणून घरी बसायचे नाही.

‘म्हातारे झाले, आता काय करायचे’ हे वाक्य मात्र पदाधिकाऱ्याने कोणाकडूनही ऐकून घेऊ नये. मूत्राच्या जागी फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ घेऊन आलेले कुत्रे लोक असाध्य कर्करोग समजून सोडून देतात. ती गाठ बहुतेक वेळा एका कुत्र्याकडून दुसऱ्याला संसर्गाने पसरणाऱ्या प्रकारची असते आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या आठवड्याला एक अशा चार ते सहा इंजेक्शनांत बहुधा पूर्ण जिरते. उलट नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले म्हणजे सगळे केले, असेही नसते. तालुक्याचा दवाखाना मुळात गाई-बैलांसाठी, त्यामुळे रक्ततपासणीसाठी नागपूर गाठावे लागते हे खरे. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, धापा टाकणाऱ्या चौदा वर्षांच्या जनावराला तीन तास ऑटोत घालायचे की नाही, हे कोणीतरी जबाबदारीने ठरवावे लागते. आम्ही नेतो तेव्हा पहाटे चारला निघतो.

रोजच्या सांभाळाबद्दल एकच प्रसंग सांगतो. जिनिंगमधून आणलेली ढवळी दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. मोतीबिंदूने बुबुळे दुधासारखी झाली आहेत. स्वयंपाकाच्या मावशी जर्मनच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, पळी दोनदा वाजवतात, की ढवळी भिंतीला उजवी बाजू घासत निघते, तिसऱ्या खांबाशी थांबते, एक पाऊल डावीकडे टाकते आणि मान खाली घालते. ताटली तिथेच असते. एका मे महिन्यात आलेल्या कॉलेजच्या मुलाने साफसफाई करताना पाण्याचे घमेले कोपऱ्यातून उचलून सावलीत ठेवले. त्याचा हेतू चांगला होता. दुपारभर ढवळी त्या रिकाम्या कोपऱ्यात उभी राहून फरशी चाटत होती, आणि संध्याकाळी मावशी आल्या तेव्हा कोठे ते कोणाच्या लक्षात आले. आता घमेल्याच्या जागेभोवती चुन्याचे वर्तुळ काढलेले आहे आणि दर सोमवारी ते पुन्हा काढणे हे माझे काम आहे. सचिवाच्या कामांच्या यादीत हे कुठल्याही घटनेत लिहिलेले सापडणार नाही.

शेवटचा निर्णय एकट्या अध्यक्षावर टाकू नका. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल किंवा जखम जीवघेणी असेल तरच दयामरणाचा विचार करता येतो, आणि तो नियमांनुसार पात्र पशुवैद्यकाच्या हातूनच, दुसऱ्या कुत्र्यासमोर कधीही नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितल्यावरही सिस्टर आणि त्या कुत्र्याला रोज भरवणारा माणूस या दोघांचे एकमत व्हावे लागते. भरवणाऱ्याला नको असेल तर एक दिवस थांबतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तोच येऊन सांगतो. एकदा मावशींनी तीन दिवस लावले, आणि ते तीन दिवस त्या कुत्र्याला फार जड गेले असे मला वाटते. पण त्यांना मी तसे कधी बोललो नाही.

तुमची जागा नाल्याकाठी आहे, म्हणजे जमीन काळी असणार. शेडच्या आत गुळगुळीत फरशी बसवू नका, म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय तिच्यावर फाकतात. आम्ही ओबडधोबड कोबा केला आहे आणि झोपायला जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत. सोयाबीनचे कुटार घालून पाहिले, पण त्याच्या धुळीने खाज सुटते. आवारात मृगाच्या आधी हातभर मुरूम टाकून घ्या, नाहीतर चिखलात रुतलेले कुत्रे रात्री कोणाला दिसणार नाही. आणि वाचायला विचित्र वाटेल, पण पाच फुटांचा एक खड्डा उंचवट्यावर मे महिन्यातच खणून त्यावर टिन झाकून ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीत खणलेला खड्डा पाण्याने भरतो, आणि तेव्हा कुदळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय करावे ते सुचत नाही.