प्रिझ्मा अ‍ॅक्सेस: शाखा कशावर जोडायच्या, रिमोट नेटवर्क की सर्व्हिस कनेक्शन?

प्रश्न थोडक्यात असा: प्रिझ्मा अ‍ॅक्सेस (पालो अल्टोची क्लाउडमधली सुरक्षा सेवा) लावायचंय. ऐरोलीत डेटा सेंटर (तिथल्या सर्व्हरच्या यादीत पॅचचा सर्व्हरही), नाशिक आणि नागपूरला शाखा, बाकीची मंडळी घरून ग्लोबलप्रोटेक्टवर (लॅपटॉप प्रिझ्माला जोडणारं अ‍ॅप). जागा जोडायचे दोन प्रकार आहेत, रिमोट नेटवर्क आणि सर्व्हिस कनेक्शन. सर्व्हिस कनेक्शन लायसन्समधली बँडविड्थ खात नाही, मग शाखाही त्याच्यावरच का टाकू नयेत?

टाकू नका. शाखेतल्या फायरवॉलवरून बघाल तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. तोच आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध वाट), तीच प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच दिलेली गुप्त किल्ली), तेच यूडीपीचे ५०० आणि ४५०० पोर्ट. फरक आहे तो पलीकडच्या टोकाला. रिमोट नेटवर्कच्या पलीकडे पॉलिसी चालवणारी फायरवॉल असते. शाखेचं इंटरनेट तिथून बाहेर पडतं आणि यूआरएल फिल्टरिंग, थ्रेट प्रिव्हेन्शन, डिक्रिप्शन हे सगळं तिथे लागू होतं. बँडविड्थचे पैसे मोजता ते याचेच. सर्व्हिस कनेक्शनचं टोक फक्त राउटिंग करतं. तिकडचं नेटवर्क विश्वासाचं आहे आणि त्याच्या दाराशी तुमची स्वतःची फायरवॉल आहे, हे त्यात गृहीत धरलंय. नाशिकच्या स्टोअरमधला एखादा पीसी बाधित झाला तर या वाटेने तो डेटा सेंटरपर्यंत बिनचौकशी पोचेल. शिवाय शाखेचं इंटरनेट कुठून काढायचं हा प्रश्न उरतोच.

तेव्हा जागेला मुख्यालय म्हणतात की शाखा, हे सोडा. तिथली माणसं बाहेर जाणार आहेत, की तिथल्या सर्व्हरकडे बाकीचे येणार आहेत, एवढं बघा. तुमच्या बाबतीत ऐरोली सर्व्हिस कनेक्शनवर, नाशिक-नागपूर रिमोट नेटवर्कवर. ऐरोलीत थोडीफार माणसं बसत असली तर त्यांचं इंटरनेट तिथल्याच फायरवॉलवरून जाऊ द्या.

आता जिथे सगळे अडकतात ती गोष्ट. रिमोट नेटवर्क आपापसात थेट बोलतात, पण घरच्या लॅपटॉपवरून नाशिकच्या मशीनकडे जायचं तर वाट सर्व्हिस कनेक्शनच्या नोडवरून जाते. डेटा सेंटर नसलेल्या कंपन्यांनाही यासाठी नुसत्या नावापुरतं एक सर्व्हिस कनेक्शन करावं लागतं. तुमच्याकडे ऐरोली आहेच, त्यामुळे ती कटकट नाही.

टनेल हिरवा दिसतोय, पण डोमेनचं लॉगिन होत नाही, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात येईल. पॅनोरामात (पॉलिसी सांभाळायच्या कन्सोलमध्ये) पॉलिसी उपसत बसण्याआधी ऐरोलीच्या कोअर स्विचचा राउटिंग टेबल उघडा. सुरुवातीला जो इन्फ्रास्ट्रक्चर सबनेट दिलात (प्रिझ्माच्या स्वतःच्या आतल्या वापराचे पत्ते, किमान /२४ लागतो), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीकडे (डोमेनची खाती आणि लॉगिन सांभाळणारी व्यवस्था) येणारी विचारणा त्यातल्या पत्त्यावरून येते. त्या सबनेटचा राउट स्विचवर नसेल तर डोमेन कंट्रोलरचं (ती व्यवस्था चालवणाऱ्या सर्व्हरचं) उत्तर डिफॉल्ट राउटने भलतीकडेच जातं. मोबाइल युजरच्या आयपी पूलचंही (घरच्या लॅपटॉपना मिळणाऱ्या पत्त्यांचंही) तेच. बीजीपी (राउट एकमेकांना कळवणारा प्रोटोकॉल) चालवलंत तर हे राउट आपोआप येतात. स्टॅटिक ठेवलंत तर दोन्ही हाताने टाका, आणि ऐरोलीच्या फायरवॉलवर ते पत्ते अडत नाहीत ना, तेही बघा.

लॉगिन होतं पण मोठी फाइल उतरताना लटकते, असं झालं तर संशय एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार). टनेल इंटरफेसवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाचा कमाल आकार) कमी करा. १३५० पासून सुरुवात करायला हरकत नाही.

नाशिक आणि नागपूर दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ असेल (असतोच बहुधा, राउटर खोक्यातून काढून तसाच लावलेला), तर आधी एकीकडचे पत्ते बदला. एकाच सबनेटच्या दोन शाखा प्रिझ्मा चालवून घेतो, पण त्यांना फक्त इंटरनेट मिळतं. डेटा सेंटर, दुसरी शाखा, घरचे लॅपटॉप, यातलं काहीच त्यांच्याशी बोलू शकत नाही. शनिवार-रविवार घालवून पत्ते बदलणं परवडतं.

झेडटीएनए (झीरो ट्रस्ट नेटवर्क अ‍ॅक्सेस) कनेक्टर चालेल का, असंही विचारलंय. तो डेटा सेंटरमध्ये व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणून बसतो, स्वतःहून बाहेरच्या दिशेने टनेल बांधतो आणि अ‍ॅप नावाने उघडून देतो. आतले राउट द्यावे लागत नाहीत, सबनेटची टक्करही चालते. नुकत्याच विकत घेतलेल्या कंपनीची दोन-चार अ‍ॅप लोकांना द्यायची असतील तर मी तोच लावीन. पण सुरुवात लॅपटॉपकडून झाली तरच त्याचा उपयोग. सर्व्हरवरून लॅपटॉपवर पॅच ढकलायचे असतील किंवा हेल्पडेस्कला रिमोटने स्क्रीन घ्यायची असेल, तर सर्व्हिस कनेक्शनच लागेल. तुमच्या यादीत पॅचचा सर्व्हर दिसतोय, म्हणून ऐरोलीसाठी कनेक्टरवर विसंबू नका.