कॅमच्या दोन लोबांमधील कोन ११० वरून १०४ वर आणावा का?

पांदण रस्त्याने कापसाची गाठोडी वाहताना दुसऱ्या गियरमध्ये ओढ कमी पडते, म्हणून एकाच कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) जुन्या मोटारसायकलचे लोब, म्हणजे त्या दांड्यावरचे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे, नागपूरला घासून घेऊन त्यांच्यामधील कोन ११० वरून १०४ अंशांवर आणावा का, असे आपण विचारले आहे. या कामासाठी तो आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा कोन कॅमच्या अंशांत मोजतात आणि व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ क्रँकच्या (पिस्टन हलवणाऱ्या दांड्याच्या) अंशांत; कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. एवढे ध्यानात ठेवले की हिशेब सोपा आहे. मिश्रण आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह प्रत्येकी २४० अंश उघडे राहत असतील, तर ११० वर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही एकदम उघडे असण्याचा काळ, २० अंश येतो आणि १०४ वर तो ३२ होतो. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यानंतर ५० ऐवजी ४४ अंशांवर मिटतो. मधल्या आरपीएमला ओढ वाढते ती बऱ्याच अंशी या लवकर मिटण्यामुळे, कारण आत आलेले मिश्रण वर येणारा पिस्टन मागे ढकलत नाही. वाढलेला ओव्हरलॅप मात्र कमी थ्रॉटलला नडतो: इनटेककडच्या व्हॅक्यूममुळे जळालेला वायू परत आत ओढला जातो, आयडलिंग डगमगते आणि चिखलातून हळू गाडी काढताना इंजिन गुदमरते. आपली गाडी बहुतेक वेळ तिथेच चालते.

म्हणून कोन तसाच ठेवून संपूर्ण कॅम क्रँकचे ४ अंश पुढे घ्यावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह तेवढे लवकर उघडतात आणि मिटतात. ओव्हरलॅप २० च राहतो, इनटेक मात्र ४६ अंशांवर मिटतो. यासाठी चेनचा दात बदलू नये. कॅमच्या ३४ दातांच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) एक दात म्हणजे क्रँकचे तब्बल २१ अंश होतात. स्प्रॉकेटची बोल्टची भोके लांबट करून घ्यावीत. त्यानंतर पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून, हेड बसवून, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि हेड काढून दबलेला थर मोजावा. इनटेककडे निदान २ मिमी जागा उरली पाहिजे. कॅम पुढे घेताना इनटेक व्हॉल्व्हच पिस्टनच्या जवळ येतो. सिलिंडरमधला दाब वाढल्यामुळे मे महिन्याच्या उन्हात चढावर इंजिनची खडखड ऐकू आली, तर २ अंश मागे यावे.

लोब घासण्यात आणखी एक धोका आहे. कोन बदलायला बेस सर्कल (लोबचा उंचवट्याखालचा गोल भाग) लहान करावे लागते, त्यात वरचा कडक थर निघून गेला तर लोब लवकर झिजतो.