पोर्टलवर हाउसिंगची लिंक दिसली म्हणजे ॲडमिशन झालं का?

पत्र (थोडं कमी करून): "मॅडम, मुलगी बारावीला आहे, अमेरिकेतल्या सात युनिव्हर्सिट्यांना ॲप्लाय केलंय. एका ठिकाणचं ॲडमिशन आलंय, बाकीचे निकाल मार्चअखेर. तिच्या सगळ्यात आवडत्या युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर गेल्या आठवड्यापासून हाउसिंगची, म्हणजे राहायच्या सोयीची, लिंक दिसतेय, फायनान्शियल एडवाल्यांनी आमच्या उत्पन्नाचे कागद पुन्हा मागितलेत, आणि अर्ध्या तासाचा इंटरव्ह्यू सव्वा तास चालला. ग्रुपमधली मुलं म्हणतात नक्की झालंय. ती रात्री दोन-दोनला उठून पोर्टल बघते, अभ्यास बंद पडलाय. आता एक मुलगा सांगतोय की लिंकमध्ये थोडा बदल केला की निकाल आधीच दिसतो. करून बघू दे का? आणि आलेल्या ॲडमिशनचं डिपॉझिट भरायचं का थांबायचं? नातेवाईक रोज विचारतात, त्यांना काय सांगू?"

ताई, नमस्कार. लिंकमध्ये बदल करायचं आधी सांगते, कारण बाकीचं चार दिवस उशिरा वाचलंत तरी काही बिघडणार नाही. करू देऊ नका. "नुसतं बघते गं" म्हणाली तरी नाही.

उगाच घाबरवत नाहीये, याच गोष्टीवरून मोठं प्रकरण होऊन गेलंय. 2005 साली अमेरिकेतल्या बऱ्याच बिझनेस स्कूल्सचे अर्ज ॲप्लाययुवरसेल्फ नावाच्या एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून जायचे. मार्च महिन्यात कुणीतरी ऑनलाइन टाकलं की आपल्या लॉगिननं आत जा, वरच्या पत्त्यात अमुक अमुक बदला, निर्णयाचं पान उघडतं. काही तासांत ते बंद केलं गेलं पण तोवर बऱ्याच जणांनी करून बघितलं होतं. मिळालं काय, तर बहुतेकांना कोरं पान आणि काहींना थेट नकाराचं पत्र. आणि सगळे स्वतःच्याच लॉगिननं आत गेलेले, त्यामुळे कुणी कुणी बघितलं त्याची यादी आयतीच कॉलेजांच्या हातात! हार्वर्ड बिझनेस स्कूलनं अशा 119 जणांना सरसकट नकार दिला, एमआयटीच्या स्लोननं 32 जणांना. दार उघडं टाकलं कंपनीनं आणि शिक्षा मुलांना, असा वाद तेव्हा झाला, मलाही ती शिक्षा जरा जास्तच वाटते. पण माझ्या वाटण्यानं कुणाची सीट परत येत नाही. तो ग्रुपमधला मुलगा तुमच्या मुलीला हे सांगणार नाही, बहुतेक त्याला माहीतच नसेल, 2005 ला तो जन्मलाही नव्हता.

आता ती हाउसिंगची लिंक. अमेरिकेतल्या खूप युनिव्हर्सिट्या स्लेट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि मुलगी रोज जे पान उघडते ते ऑफिसनं एकदा बनवून ठेवलेलं पान असतं, हजारो अर्जदारांना तेच दिसतं. त्यात तिचं स्वतःचं काय, तर नाव आणि चेकलिस्ट, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) आली का, शिफारसपत्रं पोचली का, कुठला कागद बाकी आहे, बस. निर्णयाची पत्रं आत तयार करून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळ्यांची एकदम सोडतात. मधल्या काळात ऑफिसवाले पुढच्या कामाला लागलेले असतात, ॲडमिट झालेल्या मुलांसाठीची पानं बनवतात, लिंका जोडतात, टेस्ट करतात, कधी पान काही तास बंद ठेवतात, आणि इकडे पोरं प्रत्येक हालचालीचा स्क्रीनशॉट काढून कौल लावत बसतात. त्यांनी याला नावही दिलंय, पोर्टल ॲस्ट्रॉलॉजी. तुम्ही मुलीला एकच प्रश्न विचारा, ही लिंक ग्रुपमधल्या कुणाकुणाला दिसत नाहीये? सगळ्यांना दिसत असेल तर विषयच संपला. काहींनाच दिसत असेल तरी फॉर्ममध्ये कॅम्पसवर राहायचं की बाहेर, असल्या एखाद्या उत्तरावरून फरक पडलेला असू शकतो.

कागद पुन्हा मागितले ते तर मला अगदीच साधं वाटतं. अमेरिकेत बहुतेक युनिव्हर्सिट्या परदेशी मुलांच्या बाबतीत नीड-अवेअर असतात, म्हणजे या मुलीला किती मदत द्यावी लागेल हे निर्णय घेतानाच बघतात, त्यामुळे उत्पन्नाचे आकडे त्यांना निर्णयाच्या आधी लागतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे मदत लागणार का हे निर्णय घेताना बघत नाहीत, पण तिथेही एडचा हिशोब आधीच करून ठेवावा लागतो, कारण ॲडमिशनच्या पत्राबरोबरच एडचा आकडा सांगायचा असतो. म्हणजे दोन्हीकडे कागद मागतात आणि नंतर ज्यांना नकार जातो त्यांच्याकडूनही मागितलेले असतात. तुमचा एखादा कागद अस्पष्ट स्कॅन झाला असेल, नाहीतर इंग्रजी भाषांतर जोडायचं राहिलं असेल. तो मात्र मुदतीत पाठवा हं, लक्षण समजून आनंदात बसून राहू नका.

इंटरव्ह्यू लांबला म्हणजे गप्पा रंगल्या, चांगलंच आहे. पण घेणारा बहुतेक ठिकाणी त्या युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थी असतो, तो आपला रिपोर्ट लिहून पाठवतो आणि त्याचं काम तिथे संपतं, निर्णय त्याच्या हातात नसतो.

ग्रुपवर "मला पण लिंक दिसली होती आणि झालं" असं लिहिणारी मुलं असतातच, खोटंही बोलत नसतात. पण जिला लिंक दिसली आणि नंतर नकार आला ती मुलगी परत येऊन सांगते का? ती ग्रुप सोडते. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या मुलांना फक्त झालेल्यांचेच स्क्रीनशॉट सापडतात आणि प्रत्येक लक्षण शंभर टक्के खरं वाटतं. कधीकधी पोर्टलमधून खरंच काहीतरी आधी फुटतं, हेही मी नाकारत नाही, एडच्या पानावर एखादा शब्द चुकून दिसून जातो. पण ते खरं होतं का नुसता योगायोग, हे निकाल लागल्यावरच कळतं, म्हणजे ज्या दिवशी उपयोग संपला त्या दिवशी.

आणि लिंकचं कशाला, युनिव्हर्सिटीचा मेलसुद्धा चुकलेला आहे. 2009 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगोनं ॲडमिट झालेल्यांसाठीचा स्वागताचा मेल सगळ्याच अर्जदारांना पाठवला, त्यात नकार मिळालेले 28 हजारांच्या आसपास होते. 2014 च्या डिसेंबरमध्ये जॉन्स हॉपकिन्सकडून असंच झालं, नकार मिळालेल्या किंवा डिफर झालेल्या (निर्णय पुढे ढकललेल्या) 294 जणांना अभिनंदनाच्या थाटाचा मेल गेला. दोन्हीकडे माफीचा मेल मागोमाग आला. त्या मुलांचं काय झालं असेल विचार करा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते, पोर्टलवर तुमच्या नावाचं निर्णयाचं पत्र उघडलं की मगच झालं म्हणायचं.

खरं आगाऊ लक्षण एकच मला माहीत आहे, लाइकली लेटर. आयव्ही लीगवाले, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ युनिव्हर्सिट्या, काही खेळाडूंना आणि खास हव्या असलेल्या थोड्या मुलांना निकालाच्या आधी पत्र पाठवतात. पण त्यात सरळ लिहिलेलं असतं की तुम्हाला ॲडमिशन मिळण्याची दाट शक्यता आहे, तुमची कामगिरी अशीच ठेवा. ओळखायला ग्रुप लागत नाही. आणि ते आलं नाही म्हणून वाईट वाटायचं काही कारण नाही, ज्यांचं होतं त्यातल्या बहुतेकांना ते येतच नाही.

मला खरी काळजी अभ्यासाची वाटली. हे तिला माझ्या नावानं सांगा. ॲडमिशन आलं तरी बारावीचा फायनल निकाल तिकडे पाठवावा लागतो आणि मार्क फारच घसरले तर दिलेलं ॲडमिशन काढून घेतात, क्वचित घेतात पण घेतात. म्हणजे ज्या युनिव्हर्सिटीसाठी रात्री जागतेय तिच्यासाठीच अभ्यास करायचाय. पोर्टल आठवड्यातून दोनदा, दिवसा, चेकलिस्टपुरतं बघायचं. पासवर्ड बदलून तुमच्याकडे ठेवा असं काही पालक सुचवतात, मला ते पटत नाही, सतरा वर्षांच्या मुलीच्या हातातून तिचाच अर्ज काढून घ्यायचा हे काही बरं नाही. त्यापेक्षा फोन रात्री बाहेरच्या खोलीत, आणि तुमचाही तिथेच. (पत्रावरून वाटतंय की दोन वाजता ती एकटी जागी नसते.)

डिपॉझिटची घाई नको. तिकडे बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायची मुदत 1 मे असते, तुमच्या पत्रावर कुठली तारीख आहे ती एकदा बघून घ्या. बाकीचे निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतील, मग एडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ठरवा. फक्त लिंक दिसली म्हणून हातातल्या ॲडमिशनला आत्ताच नाही कळवू नका, आणि एका वेळी दोन ठिकाणी डिपॉझिट भरू नका, ते चालत नाही.

निकालाच्या दिवसाचं एक लक्षात ठेवा. तिकडे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या) वेळेचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. त्या दिवशी ती उठणारच, उठू दे. पण पान एकटीनं उघडायचंय का तुमच्यासमोर, हे आदल्या रात्री तिलाच विचारून ठेवा.

आणि नातेवाईकांना "मार्चअखेर कळेल" एवढंच सांगा. लिंकचं तर बोलूच नका, नाहीतर उद्या सकाळी पेढे मागायला लागतील.