कोर्ट व्हीटनला का?

प्रश्न: मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. गाव एवढं मोठं, तरी काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) कोर्टाचं काम निघालं की व्हीटनला जावं लागतं म्हणे, असं का?

उत्तर: अहो, यामागे चक्क चोरी आहे! जोसेफ नेपरने १८३१ ला गाव वसवलं, १८३९ ला ड्युपेज काउंटी झाली आणि मुख्यालय साहजिकच तिथे. पण रेल्वे आधी आली व्हीटनला, मग मुख्यालय कुठे असावं यावर १८६७ ला मतदान होऊन व्हीटन थोडक्यात जिंकलं, नेपरव्हिलवाले दफ्तर द्यायला तयारच नाहीत, तर १८६८ च्या जुलैत व्हीटनची माणसं मध्यरात्री कोर्टात घुसली आणि कागदपत्रं उचलून पसार झाली, गडबडीत काही मागेच राहिली. ती मागे राहिलेली सेफ राहावीत म्हणून नेपरव्हिलवाल्यांनी शिकागोला पाठवली, आणि १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीत जळाली. आता बोला!