नुनावुत: बर्फ आणि अस्वलं सोडून

शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी कॅनडातल्या नुनावुतच्या गमती हव्यात, पण 'बर्फ आणि अस्वलं सोडून', असं तुम्ही विचारलंय. कामानिमित्त तीन आठवडे तिथे राहिलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी आकडे उरकतो. 1 एप्रिल 1999 रोजी हा प्रदेश वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे 21 लाख चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. 2021 च्या जनगणनेत माणसं मात्र 37 हजारांच्या आतच. वस्त्या 25, आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही. विमानाने जा, नाहीतर उन्हाळ्यात बोटीने. राजधानी इकालुइतमध्ये 'कुठेच न जाणारा रस्ता' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचा एक रस्ता खरंच आहे, आणि तो नावाला जागतो!

इकालुइत म्हणजे 'खूप मासे असलेली जागा'. पण इंग्रजीत लिहिताना क्यूनंतर सवयीने यू घातला, तर अर्थ होतो 'ढुंगण न पुसलेले लोक'. 2009 मध्ये खुद्द पंतप्रधान कार्यालयाच्या पत्रकात ही चूक झाली होती. हा प्रश्न शाळेत विचारायचा का, ते तुम्हीच ठरवा.

माझा आवडता विषय मात्र लिपी. तिथल्या 'थांबा'च्या पाट्यांवर इंग्रजीसोबत इनुक्तितुत या तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इनुइट लोकांच्या भाषेतली कोनांसारखी, हुकांसारखी चिन्हं दिसतात. एकाच कोनाचं टोक वर असलं तर 'पि', उजवीकडे वळवलं तर 'पु', डावीकडे 'पा'. म्हणजे आपण वेलांटी, उकार लावतो, तिथे ते अक्षरच फिरवतात. स्वर दीर्घ असला की डोक्यावर टिंब. आपण पाय मोडतो तसं नुसतं व्यंजन लिहायचं असेल, तर ते बारीक करून वर टांगतात. मुळात ही पद्धत जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 च्या सुमारास क्री या कॅनडातल्याच दुसऱ्या एका आदिवासी समाजाच्या भाषेसाठी बनवली. इनुइट लोकांपर्यंत ती नंतर पोचली. इव्हान्सला लघुलिपी आणि देवनागरी दोन्ही ठाऊक होत्या आणि दोन्हींचा प्रभाव या लिपीवर आहे, असं अभ्यासक मानतात. हे कळल्यावर मी तिथल्या पाट्या वाचायला बसलो. तीन दिवसांत अक्षरं जमली, अर्थ शून्य.

विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत, हाही प्रश्न चालेल. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच मुख्यमंत्री निवडतात.

एक गोष्ट मात्र 'गमती'त घालू नका. ग्रीस फियोर्ड ही कॅनडातली सर्वांत उत्तरेकडची नागरी वस्ती. 1953 मध्ये उत्तर क्वेबेकमधली इनुइट कुटुंबं सरकारने तिकडे हलवली, दोन वर्षांनी परत आणू म्हणाले आणि शब्द पाळला नाही. माफी मागितली ती 2010 मध्ये. त्या जागेचं इनुइट नाव आउयुइत्तुक, 'जिथे कधीच वितळत नाही'.